टी६ नंतर उठणारे फोड: सेमीसॉलिड कास्टिंगमधलं जुनं दुखणं

शॉट (डायमध्ये धातू दाबून भरायची एक खेप) निघाला तेव्हा कास्टिंग गुळगुळीत होतं. वजन बरोबर, मापं बरोबर, एक्स-रेमध्येही नाव ठेवण्यासारखं काही नाही. मग ते बास्केटमध्ये लागलं, टी६ साठी, म्हणजे तापवून (सोल्यूशन), झटकन गार करून मग एजिंगने ताकद वाढवण्यासाठी, ५४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत गेलं आणि बाहेर आलं ते अंगावर फोड घेऊन. पुढचे दोन लॉट चांगले जातात, सगळे विसरतात, आणि तिसऱ्या लॉटला पुन्हा तेच.

हे मी इतक्यांदा निस्तरलंय की आता फोड कुठे आलाय ते पाहिलं की निम्मं निदान होतं. खालचं सगळं ए३५६ आणि ३५७ या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूंच्या रिओकास्टिंगबद्दल आहे. म्हणजे वितळलेल्या धातूची जागच्या जागी स्लरी (सेमीसॉलिड, अर्धवट गोठलेला धातू) करायची आणि ती प्रेशर डाय कास्टिंग मशीनच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लंजर (दट्ट्या) जिथून धातू डायमध्ये (साच्यात) ढकलतो त्या नळीत, सोडायची. बिलेट (आधीच ओतून ठेवलेली धातूची कांडी) पुन्हा तापवून थिक्सोकास्टिंग करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. मॅग्नेशियमचं मात्र वेगळं, त्याबद्दल शेवटी.

एक गोष्ट आधी. फोड भट्टीत दिसतो, पण तो तयार झालेला असतो शॉटमध्ये. गॅस कातडीखाली दाबून बसलेला असतो. ५४० अंशांना धातू मऊ पडला की तो गॅस कातडी वर उचलतो. भट्टीवाल्याला धारेवर धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. भट्टीचा दोष असतो तेव्हा तो वेगळा दिसतो, तेही सांगतो.

लक्षणं

फोड कुठे आहेत, केवढे आहेत आणि कोणत्या शॉटला आहेत, हे तीन प्रश्न लिहूनच ठेवा.

गेटपासून (धातू डायमध्ये शिरतो त्या तोंडापासून) सगळ्यात लांब, शेवटी भरणाऱ्या कोपऱ्यात एक-दोन मोठे फोड असतील तर हवा अडकलीय. गेटच्या आसपास किंवा बिस्किटाच्या (स्लीव्हमध्ये उरणाऱ्या धातूच्या चकतीच्या) बाजूला असतील तर संशय प्लंजरच्या वंगणावर आणि स्लीव्हवर. टाचणीच्या डोक्याएवढे बारीक फोड जाड भागांवर सगळीकडे पसरले असतील तर हायड्रोजन. फोडांबरोबर पृष्ठभागावर घामासारखे थेंब फुटलेत, कडा ढिल्या पडल्यात, असं असेल तर तो जादा तापल्याचा प्रकार, आणि इथे मात्र भट्टी खरंच गुन्हेगार असू शकते.

जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पाच-सात शॉटलाच फोड येत असतील तर डाय आणि स्लीव्ह थंड पडलेत. आणि कशाचाच मेळ लागत नसेल, एक शॉट चांगला, पुढचे दोन खराब, मग परत चांगला, तर स्लरीतला घन भाग हलतोय. पुन्हा पुन्हा परत येणारं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं.

फोड कापून बघा

हॅकसॉ आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, एवढंच लागतं. फोडावर घाव घालू नका. बाजूने कापत या आणि शेवटचा पातळ पापुद्रा चिमट्याने उचला. कापताना कूलंट वापरू नका, नाहीतर आतला पुरावा धुऊन जाईल. एकदा एका मुलाने मोठ्या उत्साहाने कटिंग मशीनवर पाणी सोडून बारा फोड कापून आणले. बाराही लख्ख! त्यातून काय कळणार?

कोरड्या कापलेल्या फोडाची आतली भिंत चकचकीत असेल तर हवा किंवा हायड्रोजन. तपकिरी-काळपट असेल, बोट फिरवल्यावर काजळी लागत असेल तर वंगण जळलंय. राखाडी, निस्तेज आणि दुमडलेल्या कागदासारखी घडी दिसत असेल तर ऑक्साइडची साय आत गेलीय. बिलेट वापरणाऱ्यांकडे ही घडी जास्त सापडते, कारण तापवलेल्या बिलेटला सगळीकडून ऑक्साइडचं कातडं असतं. ते बिस्किटात किंवा रनरमधल्या (बिस्किटापासून गेटपर्यंतच्या वाटेतल्या) सापळ्यात अडकायला हवं. ते डायमध्ये पोचत असेल तर सापळा भरून वाहतोय.

शॉटला नंबर घाला

मार्कर भट्टीत जळून जातो, म्हणून नंबर पंच वापरा. रनर तोडायच्या आधी न दुखणाऱ्या जागी शॉट नंबर ठोका आणि बास्केटमधली जागाही टिपून ठेवा. पुढच्या लॉटला वरच्या थरातले शॉट खाली आणि खालचे वर लावा. फोड जागेबरोबर राहिले तर भट्टी तपासायची, शॉट नंबरबरोबर गेले तर मशीन. बिनखर्चाच्या या एका दिवसाच्या कामाने आठवड्याची भांडणं मिटतात. हे न करता डिगॅसिंगची (वितळलेल्या धातूतला गॅस काढायची) वेळ वाढवत बसणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

स्प्रे, वंगण, व्हेंट

साध्या प्रेशर डाय कास्टिंगवरून आलेले सेटर स्प्रेची जुनी वेळ तशीच ठेवतात. तिथे ती चालते, कारण पूर्ण वितळलेला धातू डायला भरपूर उष्णता देतो आणि पाणी उडून जातं. स्लरीतला काही भाग आधीच गोठलेला असतो, म्हणजे सुप्त उष्णतेचा तेवढा वाटा डायपर्यंत पोचायच्या आधीच निघून गेलेला असतो. डाय त्या मानाने थंड राहतो आणि खोबणीत पाणी साचतं. १ ग्रॅम पाण्याची ६०० अंशांना, वातावरणाच्या दाबाला, सुमारे ४ लिटर वाफ होते. डाय बंद व्हायच्या आधी टॉर्च मारून कोपरे बघा. एक थेंब चमकला तरी स्प्रे कमी करा, फुंकर वाढवा. डाय गरम ठेवायला तेलाचं हीटिंग युनिट असेल तर तापमान त्याच्या डिस्प्लेवर बघू नका, डायच्या पृष्ठभागावर मोजा.

स्प्रे बंद केल्यावरही थेंब दिसत असेल तर तो स्प्रेचा नाही. डायच्या कूलिंग लाइनला चीर गेलीय. तिथेच थांबा, पुढे धातू ओतू नका.

प्लंजरच्या वंगणाचं सरळ आहे: अर्धं करा आणि वीस शॉट बघा. काळे फोड कमी झाले की कळलंच. व्हेंटमध्ये (हवा बाहेर जायच्या फटीत) जुनी फ्लॅश (फटीत थिजलेला धातूचा पापुद्रा) आणि वंगणाची राख बसते, ती पितळी पट्टीने खरवडा. पोलादी स्क्रू-ड्रायव्हर घालून व्हेंट रुंद केलेले महाभाग मी पाहिलेत, त्यांच्या डायमधून नंतर धातू बाहेर यायला लागतो.

तापमान खरं आहे का?

इथे वेळ घालवा. मला सापडलेल्या निम्म्याहून जास्त केसेस इथेच सुटल्यात.

सेमीसॉलिडचा सगळा फायदा यावर उभा आहे की स्लरी एकसंध आघाडी धरून डायमध्ये सरकते आणि हवेला पुढे ढकलत नेते. घन भाग कमी पडला की ती साध्या वितळलेल्या धातूसारखी उसळते, आणि हवा पोटात घेते. आता ७ टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूचा हिशोब बघा. गोठायला सुरुवात होते साधारण ६१५ अंशांना. ६१० ला घन भाग जेमतेम दहावा हिस्सा. ६०० ला चौथा हिस्सा. ५९० ला ३८ टक्क्यांच्या आसपास आणि ५८० ला ४७. म्हणजे रिओकास्टिंग जिथे चालतं त्या पट्ट्यात एका अंशाला एक ते दीड टक्का घन भाग इकडचा तिकडे होतो.

आणि आपण मोजतो कशाने? के टाइप थर्मोकपलने. वर्ग २ चा नवा कोरा थर्मोकपल ६०० अंशांना ४.५ अंश इकडेतिकडे दाखवला तरी तो मानकात बसतो. वर्ग १ ला ही सूट २.४ अंशांची आहे. हे नव्याचं झालं. रोज धातूत बुडून जुना झालेला किती सरकला असेल ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडे एकदा डिस्प्ले दिवसभर ६०० दाखवत होता. प्रत्येक शॉटला, न चुकता. रेकॉर्ड इतकं सुंदर की ऑडिटला लावावं. तरी रिजेक्शन वाढत चाललेलं. ऑपरेटर म्हणत होता, "साहेब, माल पातळ येतोय." कप कलंडल्यावर स्लरीचा गोळा सरकत यायच्या ऐवजी घळाघळा ओतली जात होती. शेजारी नवा थर्मोकपल बुडवला तर ६०६. आम्ही चौथा भाग घन धरून चाललो होतो, प्रत्यक्षात जेमतेम सहावा होता. ऑपरेटरच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर आठ दिवस वाचले असते.

तपासायची पद्धत साधी आहे. शुद्ध ॲल्युमिनियम लहान ग्रॅफाइट क्रुसिबलमध्ये वितळवा, थर्मोकपल बुडवा आणि सावकाश गार होऊ द्या. गोठताना आकडा काही काळ एका जागी थबकतो. तो ६६० ला थबकायला हवा. ६५४ ला थबकला तर तुमचं मोजमाप ६ अंश कमी दाखवतंय. क्रुसिबल आणि बुडवायची प्रत्येक वस्तू आधी तापवून कोरडी करा, ओली वस्तू वितळलेल्या धातूत गेली की धातू अंगावर उडतो. थर्मोकपल एकटा काढून तपासू नका, केबल आणि डिस्प्लेसकट पूर्ण साखळी तपासा. कारण केबलमध्येही गंमत असते. कुणीतरी घाईत जंक्शन बॉक्सपासून डिस्प्लेपर्यंत साधी तांब्याची वायर जोडलेली असते. मग बॉक्स डिस्प्लेपेक्षा जितका गरम, तितका आकडा खाली येतो. सकाळी ठीक, दुपारी भट्टीशेजारचा बॉक्स तापला की आकडा कमी दिसतो, कंट्रोलर धातू जास्त गरम ठेवतो आणि फोड दुपारपाळीच्या नावावर पडतात.

जाड आवरणाचा थर्मोकपल मागे राहतो, हेही लक्षात असू द्या. स्लरी भराभर गार होत असते तेव्हा तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. बारीक आवरणाचा लवकर झिजतो, पण खरं सांगतो.

वाट पाहण्याचे सेकंद

स्लरी तयार झाल्यापासून प्लंजर हलेपर्यंत किती वेळ जातो, स्टॉपवॉच लावून पन्नास शॉट मोजा. सरासरी बघू नका, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त बघा. सेफ्टी डोअरच्या स्विचपाशी रोबो कधी कधी तीन-चार सेकंद खोळंबतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तेवढ्यात थंड स्लीव्हच्या भिंतीला धातूचं कवच धरतं. प्लंजर ते चुरडतो आणि तुकडे, ऑक्साइडसकट, आत ढकलतो. आधी स्लीव्ह गरम करा, मग रोबोचा प्रोग्राम बघा.

तापमान बरोबर, वेळ बरोबर, तरी आघाडी फुटते? मग एका बिस्किटाचा तुकडा पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली घाला. पांढरे दाणे गोल गोटे दिसले पाहिजेत. फांद्या फुटलेल्या, नेच्याच्या पानासारख्या दिसत असतील तर स्लरी नीट ढवळलीच गेलेली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये मर्टन फ्लेमिंग्ज यांचा विद्यार्थी डेव्हिड स्पेन्सर शिसं-कथिलाचा मिश्रधातू अर्धवट गोठलेल्या अवस्थेत का फाटतो हे शोधत होता. त्याला दिसलं की धातू ढवळत ढवळत गोठवला तर बराच भाग घन होऊनही तो सहज वाहतो, कारण फांद्यांऐवजी गोटे तयार होतात. आपला सगळा धंदा त्या निरीक्षणावर उभा आहे. म्हणून ढवळायचा दांडा झिजला असेल, गॅस सोडायचं सच्छिद्र ग्रॅफाइट बुजलं असेल किंवा धातू गरजेपेक्षा गरम ओतला जात असेल, तर डिस्प्लेवर ६०० बरोबर असूनही स्लरी खोटी असते.

अर्धे शॉट

आता मशीनला हात लावायचा. डाय ३० टक्के, ६० टक्के आणि ८५ टक्के भरेल एवढाच प्लंजर पुढे नेऊन थांबवा आणि निघालेले अर्धवट तुकडे ओळीने टेबलावर मांडा. आघाडी फुगलेल्या पोटासारखी गोल, सलग हवी. एका भिंतीलगत जीभ पुढे पळालीय, किंवा गेटसमोर शिंतोडे उडून थिजलेत, तर हवा तिथेच गिळली जातेय. फोडाची जागा आणि ही जीभ जिथे परत येऊन मिळते ती जागा ताडून बघा. जुळतातच.

वेगाचा हिशोब कागदावर करा. ८० मिलिमीटर प्लंजरचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. गेट ५ चौरस सेंटिमीटर असेल तर गेटमधला वेग प्लंजरच्या दसपट. प्लंजर ०.३ मीटर प्रति सेकंद तर गेटला ३. साध्या प्रेशर डाय कास्टिंगमध्ये गेटला ३० ते ६० मीटर प्रति सेकंद चालतात, तिथे धातू फवाऱ्यासारखाच जातो. सेमीसॉलिडमध्ये आकडा थोडक्या मीटरांत राहायला हवा. जुन्या रेसिपीतला वेगवान दुसरा टप्पा तसाच राहिला असेल तर आधी तो काढा. पण वेग फार कमी केलात की पातळ भिंतींवर थंड सांधे (धातूचे नीट न जुळलेले प्रवाह) दिसायला लागतील. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर निदान तीस शॉट तरी टी६ करून बघा. त्याआधी दिलेला निकाल हा अंदाज असतो.

हायड्रोजन

हे लोक पहिल्यांदा करतात, मी इतक्या खाली ठेवलंय. कारण सेमीसॉलिडमध्ये एकटा हायड्रोजन क्वचितच दोषी निघतो. पण निघतो. वितळबिंदूपाशी द्रव ॲल्युमिनियममध्ये घन ॲल्युमिनियमच्या साधारण वीसपट हायड्रोजन मावतो, गोठताना तो बाहेर पडायला बघतो. एक नमुना हवेत आणि एक व्हॅक्यूमखाली गोठवा, दोन्हीची घनता काढा. फरक नेहमीपेक्षा वाढलाय का ते बघा. वाढला असेल तर पहिला संशय परत वितळवायला टाकलेल्या रनर-बिस्किटांवर. वंगणाने माखलेला, ओला परतीचा माल भट्टीत जाणं थांबवा, मग डिगॅसिंगचा रोटर बघा. गॅसचे बुडबुडे सोडून स्लरी करणाऱ्यांनी नळीतला ओलावाही तपासावा.

आणि मग भट्टी

बास्केटच्या कोपऱ्यांत आणि मध्ये, खऱ्या कास्टिंगला टेकवून थर्मोकपल बांधा. या मिश्रधातूत मॅग्नेशियम-सिलिसाइडसकटचं युटेक्टिक (सगळ्यात आधी वितळणारं मिश्रण) ५५५ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. म्हणजे ५४० वर चालवताना पंधरा अंशांचीच मोकळीक आहे. शिवाय जिथे द्रव भाग गोट्यांना मागे टाकून पुढे पळालेला असतो, तिथे हे युटेक्टिक जास्त साचलेलं असतं. घामाचे थेंब फुटतात ते तिथेच.

सोल्यूशनचा वेळ कमी करून किंवा सरळ टी५ करून, म्हणजे सोल्यूशन न देता फक्त एजिंग करून, फोड टाळता येतात. मालाची निकड असेल तर हा मार्ग आहे, पण टी५ ला टी६ एवढी ताकद येत नाही. ग्राहकाची लेखी परवानगी घ्या. गुपचूप करू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

डायमध्ये पाणी गळत असेल तर टूलरूमशिवाय पुढचा शॉट नाही. गळक्या डायमध्ये धातू गेला तर वाफेचा स्फोट होतो.

इंटेन्सिफिकेशनचा (डाय भरल्यावर द्यायचा जादा) दाब चढत नसेल किंवा उशिरा चढत असेल तर ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारी टाकी) आणि व्हॉल्व्हवर संशय जातो. त्यातला नायट्रोजन दाबाखाली असतो, नट सैल करून "बघू" म्हणायची ती जागा नव्हे. मशीन बनवणाऱ्याचा प्रशिक्षित सर्व्हिस इंजिनिअरच हवा.

वेग आणि तापमान सगळं फिरवूनही अर्ध्या शॉटमध्ये जीभ पळतच असेल तर दोष गेटच्या रचनेचा आहे. ग्राइंडर घेऊन गेट मोठा करायचा मोह होतो. तो आवरा. काढलेलं पोलाद वेल्डिंगशिवाय परत येत नाही. भरण्याचं सिम्युलेशन करणाऱ्या डिझाइनरकडे जा.

कास्टिंग ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनचं असेल तर फोड घासून, ठोकून माल पाठवायचा विचारही करू नका. त्या लॉटमधल्या बिनफोडाच्या कास्टिंगांबद्दलही निर्णय प्रयोगशाळेने सीटी स्कॅन करून द्यायचा, आपण नाही.

मॅग्नेशियमवाल्यांसाठी: एझेड९१डीच्या चुऱ्याला आर्गॉनखाली स्क्रूने ढकलून थिक्सोमोल्डिंग करत असाल तर वरचं कापणं-घासणं तसंच्या तसं करू नका. बारीक भुसा पेट घेतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं तर हायड्रोजन तयार होऊन आग भडकते. धातूच्या आगीसाठीचं कोरडं डी वर्गाचं साधन जवळ नसेल तर फोडाला हातही लावू नका. मशीनवाल्याला बोलवा.

येणाऱ्या माणसासाठी टेबलावर एवढं तयार ठेवा: नंबर घातलेले दहा खराब आणि दहा चांगले शॉट, कोरडा कापलेला आणि न पुसलेला एक फोड पिशवीत, तिन्ही अर्धे शॉट, ६६० ला थर्मोकपलने काय दाखवलं तो आकडा, आणि गेल्या महिन्यात काय काय बदललं त्याची तारखांसकट यादी. यादीत स्प्रेचा ड्रम बदलल्याची तारीखही घाला.